गळ

ऑक्टोबर. साइमा सरोवराच्या काठी
बोट लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली.
ओइवा ड्राइव्हचा खालचा स्क्रू सैल करतो.
तेल येतं ते दुधाळ,
दूध जास्त झालेल्या कॉफीसारखं.
"पाणी शिरलंय," एवढंच म्हणतो.

मग घाई नाही. सायकलच्या पंपानं
थोडी हवा भरायची, काटा बघायचा,
साबणाचं पाणी ब्रशनं फिरवत जायचं
सांध्यासांध्याला, जसं
आजाऱ्याला विचारावं : इथे दुखतं? इथे?
वरचं झाकण गप्प. गिअरचा दांडा गप्प.
पंख्यामागे मात्र
एक बुडबुडा फुगतो, फुटतो,
पुन्हा फुगतो.

पंखा उतरवला. दांड्याभोवती
करकचून आवळलेला नायलॉनचा दोरा, हिरवट,
रबरी सीलचा ओठ कापून आत रुतलेला.

नातू नीलो शेजारी उभा, कानापर्यंत लाल.
जुलैत बोटीमागून त्याचा गळ तुटून गेला होता
आणि त्यानं दोन्ही हात पसरून
धक्क्यावरच्या झाडून सगळ्यांना
मासा दाखवला होता.

ओइवा नवं सील ग्रीस चोपडून बसवतो,
पुन्हा हवा भरतो,
दोऱ्याचा गुंता पोराच्या तळहातावर ठेवतो.
"वजन करून बघ. मोठाच होता."

मग दोघं पालथ्या बादल्यांवर बसून
काटा बघत राहतात.
अंधार पडतो. काटा
हलत नाही.