तीस मार्च

धोटा विकला गेला त्या दुपारी
मी शेंगाचटणीची पुडी सोडत होते.
पुण्याहून आलेल्या दोघांना
अक्कलकोट रोडच्या धुळीनं शिंका येत होत्या.
खाली गुंडेटींचे चोवीस माग चालू,
जिन्यापासून कपातल्या चहापर्यंत
सगळं थरथरत होतं.

एकेकाला आत बोलावलं.
तू काय लिहिलंस? तू काय लिहिलंस?
श्रीनिवासनं वेलबुट्टी लिहिली होती,
हत्तुरेनं रंगांचा हिशोब,
तौसीफनं ती करामत, जिच्यामुळं
दोऱ्याला हात लागायच्या आधीच
चादरीवरचा मोर पडद्यावर दिसायचा.
माझी पाळी आली. म्हटलं, मी फोन उचलते.
ते छान हसले.
कागदावर काही लिहिलं नाही.

महिन्याभरात सहाजण गेले,
सकाळच्या हुतात्मानं, एकाच डब्यात.
धोटा मात्र नेला नाही.
त्याच्यासाठी दोन ओळींचं पत्र:
एकतीस मार्चपासून सेवा बंद.

नानांना सांगितलं. अठ्ठावीस वर्षं मिलमध्ये होते.
"आमची मिल गेली तवा
माग गेले वजनावर, बिडाच्या भावानं.
आमाला कोण इचारलं नाही, तू काय विणलास म्हणून.
तुमच्यात उलटं झालं व्हय?
माग टाकले, माणसं नेली?
बरंय की मग."
भाकरी मोडता मोडता थांबले.
"पण तू तर हितंच."

सामानाची यादी मीच केली होती.
पंखे दोन, कूलर एक,
खुर्च्या नऊ, त्यातली एक मोडकी.
फोन लिहिला, आणि मग खोडला.
सिमकार्ड माझ्या नावावर निघालं.

एप्रिलात तो वाजला.
"अम्मा, मोराचा डोळा पायात गेलाय."
गुंडेटीच. मागे एकही माग चालत नव्हता,
त्यांचा दम लागलेला ऐकू येत होता.
म्हटलं, आधी इंटरनेटची वायर काढा.
आता तारीख मागे न्या. तीस मार्च करा.
तिसऱ्या रकान्यातलं शून्य पुसा.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
चार वर्षं रोज कुणाचा तरी मोर बिघडायचा,
तेवढंच.

श्रीनिवासचा फोन येतो अधूनमधून.
तिकडं त्याला औषधांच्या बिलांवर बसवलंय.
वेलबुट्टीचं कुणी नावही काढत नाही.
मग तुला घेतलं कशाला रे?
"दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून, बहुतेक."
जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग हळूच,
"धोटा चालतो का गं अजून कुठं?"

नऊ ठिकाणी, मी म्हटलं.
नऊ कारखान्यांत अजून तीस मार्चच आहे,
आणि डोळा
जिथल्या तिथं.