दोरीच्या अलीकडून

कानातला माणूस सांगतो मराठीत:
ही फरशी व्हेनिसच्या कारागिरांनी
तुकडा तुकडा बसवली.
श्वास घेतो. मग पुढचं दालन.

मी थांबलेलीच.
तिसऱ्या खांबापाशी एक निळा
जरा जास्तच निळा आहे.

द्वारकाआत्या इथे फरशी पुसायची.
एका शनिवारी फडक्यात खडा आला,
भीतीनं तिनं त्या जागी
फुटक्या बशीची कपची बसवली:
चुना, थुंकी, अंगठा.

खरा खडा मांडवीच्या खोलीत
मोहरीच्या डब्यात राहिला.
एकदा फोडणीत पडला म्हणे,
तडतडला नाही.

"बेन, आगळ चालो," रखवालदार.

पर्सची चेन उघडून
मी तो चाचपते.
आत्या मागच्या दारानं यायची,
चपला हातात धरून.