रात्रपाळी

अंबडला, ऑइलसीलच्या कारखान्याच्या गेटवर
केबिनमध्ये हीटर नाही. भाच्याचा गेम आहे,
दोन हातांत मावणारा, कडेला चिकटपट्टी लावलेला.
आवाज बंद. खैरनार साहेब कधीही टपकतात.

पडद्यावर मी चोर आहे.
पिंपांच्या आडून वाकून चालतो,
दिवा फोडतो, सावलीत श्वास धरतो.
समोर वॉचमन.
चौदा पावलं, वळण, चौदा पावलं.
मध्येच थांबून मान चोळतो.
कोणी बनवला असेल हा? त्याला कसं कळलं
की तीनच्या सुमाराला मान तिथंच आखडते?

मागून गळा आवळायचा, ओढत न्यायचं, अंधारात टाकायचं.
एक बटण दाबून धरलं की झालं.
सुमेध हे जेवता जेवता करतो.
मला दाबवत नाही.
म्हणून दर वेळी लांबून जातो, पाइपावर चढून,
पडतो, सापडतो, पुन्हा पहिल्यापासून.
तीन आठवडे एकाच अंगणात आहे मी.
त्याला दिसलो की तो तोंड उघडतो.
आवाज बंद आहे, तरी ऐकू येतं,
कोण रे तिकडं?

सव्वातीनचा राउंड.
काठी, बॅटरी, कानटोपी.
पांडवलेणीच्या डोंगराकडे एक दिवा, बाकी थंडी.
ट्रान्सफॉर्मरपर्यंत चौदा पावलं. आजवर मोजली नव्हती.
वळायच्या आधी थांबलो, मान चोळली.
भंगाराच्या पिंपांमागं काहीतरी हललं.
मांजर असेल.
बॅटरी लावली नाही.
म्हटलं, जा बाबा,
पाइपावरून जा.