जडवस्तू नोंदवही

पेठ नाक्यावर चहा, सावळघाटात धुकं,
डिकीत प्रोजेक्टर, ऐंशी स्लाइडींचा पेनड्राइव्ह
आणि शिक्क्यासकट छापलेला तक्ता :
उपकरण, संख्या, चालू की बंद, वापर होय / नाही.
मी तंत्रस्नेही.
हा शब्द कुणी काढला देव जाणे,
माझा स्नेह फार तर
पक्कड, पाना आणि चिकटपट्टीशी.

करंजपाड्याची शाळा दोन खोल्यांची.
भोवती खुरासणी पिवळीधमक.
रेंज हवी तर हापशापाशी जायचं,
तिथेही एकच कांडी, ती येते आणि जाते.
देवकीताई गावितांनी कपाट दाखवलं.
दार नुसतं लोटलेलं,
कुलूप कडीत उघडंच लोंबत होतं.
मनातल्या मनात मी दोन गुण कापले.

आत चार टॅब.
तिघांच्या काचेवर कारखान्यातलं प्लास्टिक तसंच.
पाठीवर लाल ऑइलपेंटने :
ज.व.सं. पान ११, क्र. ४ ते ७.
जडवस्तू संग्रह.
म्हणजे खुर्ची, घंटा, तराजू, पृथ्वीगोल,
आणि हे.

चौथा मात्र हाताळून गुळगुळीत.
कोपऱ्यात तडा, तड्यावर कुणाची तरी टिकली.
चालू केला तर म्हणाला, जागा शिल्लक नाही.
"गेम भरले असणार पोरांनी.
पुसून टाकतो सगळं, दोन मिनिटांचं काम."
पडद्याने विचारलं : खरंच पुसायचं? होय / नाही.
माझ्या तक्त्यातलेच दोन शब्द.
ताई वह्या तपासत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"आधी ऐका तरी."

दोनशे सदतीस फायली. सगळ्या आवाजाच्या.
पहिली चार सेकंदांची : श्वास, आणि लांब कुठे कोंबडा.
नववीत "ए", पुन्हा "ए", बंद.
चाळिसावीत "एका"पर्यंत कुणी पोचलं होतं.
एकाहत्तरावीत डोह आला,
"ड"वर फार वेळ थांबून,
भरलेला टेम्पो कोटंबी घाटात
पहिल्या गिअरवर चढतो तसा.
एकशे साठाव्या फाइलीत डोहाकाठचा बगळा सापडला,
तेव्हा ती खुदकन हसली
आणि घरच्या बोलीत स्वतःशीच काही बोलली,
भरभर, कुठेही न अडता.

"कोण ही?"
"रंजिता भोये. चौथीत आहे.
दोन वर्षं हजेरीलाही आवाज नाही, नुसता हात वर.
मधल्या सुट्टीत मी कपाट लोटून ठेवते
आणि हापशावर जाऊन बसते."

खिडकीशी एक मुलगी उभी होती.
टॅबकडे नाही,
माझ्या बोटाकडे बघत होती.
मी "नाही" दाबलं.

स्लाइडी डिकीतच राहिल्या.
त्यांत एक बाण आहे, डावीकडून उजवीकडे जाणारा,
वर लिहिलंय : अध्यापनात तंत्रज्ञानाचा समावेश.
रात्री तीन वाजेपर्यंत जागून मी त्याला सावली दिली होती.

पुढच्या शनिवारी मेन रोडवरून
एक मेमरी कार्ड घेऊन गेलो. नखाएवढं.
ताईंना वेगळीच चिंता,
"नोंद कशात करायची? जडवस्तूत की उपभोग्यमध्ये?
ऑडिटवाले विचारतात हो."
आम्ही दोघं दोन्ही वह्या उघडून बसलो.
तेवढ्यात एक हात आला,
कार्ड उचललं, टॅबच्या कडेला नखाने फट शोधली,
पहिल्याच झटक्यात सुलट बसवलं.

"सर, जा... जा..."
शब्द माझ्या जिभेवर तयार होता.
मी दिला नाही.
बाहेर कुणीतरी हापसा हापसत होतं,
कोरडाच खडखडत होता अजून.
"जा... जागा झाली?"

झाली, म्हणालो.
ताईंनी नोंद पेन्सिलने केली.