कर्ज मंजूर झालं तरच

गाडी राखाडी होती. कोरोला. मागच्या दाराला एक पोचा.
तो पोचाच मला आधी आवडला,
कुणीतरी आपल्या वाटचा एक धक्का
परस्पर खाऊन ठेवल्यासारखा.

विनिपेगचा जानेवारी, उणे एकतीस.
हॉस्पिटलच्या लाँड्रीतून रात्री अकराला सुटते
तेव्हा अंगात चादरींची वाफ असते
आणि थांब्यावर पोचेपर्यंत
पापण्या एकमेकींना चिकटतात.
म्हणून गाडी. मिरवायला नाही.
हे मी लॉर्न क्लिमचुकला सांगितलं.
तो म्हणाला, सगळे हेच सांगतात.

अनामत हजार डॉलर,
म्हणजे माझे आठ शनिवार.
कागदाच्या कडेला बोट ठेवून म्हटलं, इथे लिही,
कर्ज मंजूर झालं तरच.
तो हसला.
लिही, म्हटलं.

(इलोइलोच्या बाजारात आई मासे विकायची.
उधारी कोळशाने भिंतीवर,
स्टुलावर चढून, पार वर,
गिऱ्हाइकाचं ओलं बोट
चुकूनसुद्धा पोचू नये इतकी वर.)

लॉर्नने लिहिलं. निळ्या पेनाने. समासात. तिरकं.

मग मीच घाई केली.
बर्फ खरवडायचा ब्रश आणला, लांब दांड्याचा,
आणि दोन दिवस तो दाराशी उभा करून
येता-जाता बघत राहिले.

बँक नाही म्हणाली.
अठ्ठावन्न वर्षांची बाई मी,
तीन पोरं वाढवली, नवरा पुरला,
पण त्यांच्या वहीत
चौदा महिन्यांचं तान्हं.

अनामत परत होत नाही, मॅनेजर म्हणाला,
गाडी तुमच्यासाठी अकरा दिवस अडवून ठेवली होती.
अडून तर मीही होते.
त्याचं भाडं कुणाकडे मागायचं?

तीन खेपा घातल्या, दर खेपेला दोन बसा.
तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या मुलीने कॉफी दिली.
प्याले. पाणचट होती.
एवढी महाग कॉफी जन्मात प्याले नव्हते.

चौथ्या खेपेला कागद नेला.
मॅनेजरने त्यांची प्रत काढली,
शेजारी-शेजारी ठेवली.
त्यांच्या प्रतीचा समास कोरा.
हे तुम्ही नंतर लिहिलं असेल, तो म्हणाला,
आवाज अजिबात न चढवता,
आणि माझ्या कानशिलात
लाँड्रीतलं सगळ्यात मोठं यंत्र सुरू झालं.

लॉर्नला बोलावलं.
तो आला. कागदाकडे बघितलं.
मग बुटांकडे.
बाहेर कुणीतरी एका गाडीवरचा बर्फ झाडत होतं,
झाडणं संपलं, दार लागलं, गाडी गेली,
तरी तो बुटांकडेच.
मग म्हणाला,
अक्षर माझं आहे.

चेक मिळाला. हजार.
एक डॉलर कापला नाही.
मॅनेजरने सही इतकी दाबून केली
की चेकच्या मागूनही ती बोटाला लागत होती.

लॉर्न बाहेर उभा होता, कोटाशिवाय, सिगरेट ओढत.
त्याला आत काय ऐकावं लागलं,
पुढे काय ऐकावं लागणार, मी विचारलं नाही.
आभारही ओठांवर येईनात,
आठ शनिवार माझेच तर होते.
म्हटलं, तुझं अक्षर फार वाईट आहे.
म्हणाला, माझी आईपण हेच म्हणते.

ब्रश सोबतच होता. दुकानात परत करायला आणलेला.
त्याची पावती मात्र मी हरवली होती,
समासात लिहून घेणारी मी.

थांब्याची काच आतून बाहेरून गोठलेली.
बस येते की नाही, कळेना.
मग पिशवीतून ब्रश काढला
आणि डोळ्यांपुरतं खरवडलं,
मग खांद्यांपुरतं.
पलीकडे बसलेलं शाळकरी पोर,
टोपीतून फक्त नाक बाहेर,
आमच्या भाषेत म्हणालं,
थोडं इकडेही, तीता.