टिकली

आमच्या कंपनीत माणसं दोन, मी आणि हर्डीकर.
कर्वेनगरात, इस्त्रीच्या दुकानावरची खोली.
खालची वाफ वर येते
आणि आमच्याआधी लॅपटॉपला घाम फुटतो.
"नेमकं काय करता?" घरमालकांनी विचारलं,
हर्डीकर म्हणाला, "लोक जिथं अडखळतात
तिथली फरशी सारखी करतो."
त्यांनी लगेच मोरी दाखवली.

पहिलं बरं काम नाना पेठेतलं.
गुगळे शेठ, स्पेअर पार्टचे घाऊक,
तळहातावर बेअरिंग फिरवत बोलणारे.
"जुनं सॉफ्टवेअर गेलं, नवं ब्राउझरात आलं.
पान न हलता आतलं सगळं हलतं,
ग्राफ आहेत, रंग आहेत, घंटी वाजते,
आणि बिलं गायब होतात.
रोज चार-पाच. कुठं जातात?"

आम्ही स्टॉपवॉच नेलं, वही नेली,
तीन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या नेल्या,
त्यातली एकही लागली नाही.

बिलिंगला थिटेबाई. एकवीस वर्षं.
"माझी परीक्षा घेणार का?"
"नाही हो, स्क्रीनची."
"मग नापास करा मेलीला."

क्लचप्लेट बारा, ब्रेकशू सहा जोड,
केबल, वायसर, पुन्हा केबल,
बोटं कीबोर्डवर, डोळे गिऱ्हाइकावर,
तोंडानं पोऱ्याला चहाची ऑर्डर.
मग माउस न बघता उजवीकडे खाली,
क्लिक.
बिल गेलं.

मी खुर्ची पुढं ओढली.
मॉनिटरच्या काचेवर, अगदी त्या कोपऱ्यात,
एक मरून टिकली.
कडेनं धूळ धरलेली, मधे अजून चकचकीत.

जुन्यात 'जतन करा' तिथं होतं.
अक्षरं फिकी, चष्म्याचा नंबर वाढलेला,
म्हणून बाईंनी एक दिवस लावून टाकली.
कपाळावरची की पाकिटातली, ते मी विचारलं नाही.
नव्यात तिथं 'सर्व पुसा' बसलंय,
करड्या रंगात, सभ्य चेहऱ्यानं.

मी दोन वर्षं हेच शिकले, कर्ज काढून.
हप्ता अजून चालू आहे.

"एक लाख ऐंशी, अधिक जीएसटी."
"त्यात काय काय घालणार?"
"घालणार काही नाही. काढणार.
घंटी काढू, ग्राफ काढू,
चौदा खिडक्यांतल्या अकरा बंद."
बेअरिंग थांबलं.
"काढायचे पैसे?"
"दात काढायचे देता की," हर्डीकर बोलून गेला
आणि मी टेबलाखाली त्याचा पाय शोधला.
शेठ हसले. एक चाळीसवर तुटलं,
निम्मे दिवाळीनंतर.

परतताना वाट वाकडी करून भवानी पेठेतून आलो.
लाकडाच्या वखारी, पत्र्याची दुकानं, रद्दीचे काटे,
प्रत्येक गल्ल्यामागं एक उजळलेली स्क्रीन
आणि तिच्यावर कुणीतरी केलेली खूण.
सेलोटेप. मार्करचा बाण.
एका ठिकाणी तर सुवाच्य अक्षरात
'येथे दाबू नये. दाबल्यास स्वतः निस्तरावे.'
हर्डीकरनं स्कूटर हळू केली.
"अगं, केवढा धंदा पडलाय इथं."
मला वाटलं, केवढी माणसं
आपापल्या काचेवर एकटीच दुरुस्ती करत बसलीत.
पण तो म्हणाला तेही खरंच होतं.

सहा आठवड्यांनी बटण टिकलीखाली आलं.
मिलिमीटर मोजून.
"काही बदललेलं दिसत नाही," शेठ म्हणाले.
बाई काहीच म्हणाल्या नाहीत,
बिलं करत राहिल्या.

पाडव्याला शेठनी नवा मॉनिटर घेतला,
चार इंच मोठा, दुकानाला शोभेलसा.
दुपारी थिटेबाईंचा फोन.
"अहो, टिकली आता कुठं लावू?"

मी किल्ली घेतली.
ह्याचं बिल करायचं की नाही
ते हर्डीकर विचारणार, आणि मला
लकडी पुलापर्यंत तरी उत्तर सुचणार नाही.