फ्रेम

मालिकेत वारले, तेव्हा सेटवरचा फोटो
शिरुडेकाकांनी मागून आणला,
चंदनाच्या हारासकट.
काकू म्हणाल्या, उंबऱ्याच्या आत नाही.

तेव्हापासून तो माझ्या दुकानात, रविवार कारंजावर,
गजानन महाराज आणि दहावीच्या कुणा गुणवंताच्या मध्ये.
गिऱ्हाईक थबकतं : हे ते… हवालदार ना?
की नवरीचे वडील?

दोन्ही, मी सांगतो.
आणि चौतीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये.
शूटिंगला बिनपगारी रजा.

काका महिन्याकाठी येतात. चहा होतो.
निघताना रुमालाने स्वतःची काच पुसतात.
"नुसता माझ्यासाठी कॅमेरा लावला
असा हा एकच."

हार उतरवू का, एकदा विचारलं.

"राहू दे रे.
कंटिन्युइटी."